पाचव्या दिवशीची तपासणी

देवगड, ५ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. मानसीस,
अ. उ. आ.

कुळथाचं पीठ दळून ठेवलंय, वाडीतला रघुवीर मुंबईला येईल त्याच्याकडे देते.

फोनवर तू लेकीचा विषय टाळलास, म्हणून लिहिते. आपली पूर्वी दीड वर्षाची झाली तरी मान धरत नाही, हात पिळवटतात. त्याचं कारण डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. अमित म्हणतो, जन्मताच मेंदूला इजा झाली, कुणाचा दोष नाही. माझाच मुलगा तो, खोटं बोलताना घसा खाकरतो. सातव्या दिवशी ती मागे वाकून किंचाळत होती, ते मला भरदुपारी ऐकू येतं. उठून बघते तर घरात कुणी नसतं.

खरं काय ते कळव. नातीला मुका दे.
तुझी सासू नव्हे, आईच,
कांता

भोईवाडा, परळ, १४ फेब्रुवारी

ती. स्व. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

अमितवर रागावू नका. खोटं मीच सांगायला लावलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, पहिल्या आठवड्यात बाळ पिवळं होतं का. मी हो म्हटलं. सेरेब्रल पाल्सीला, म्हणजे मेंदूच्या इजेने येणाऱ्या या अपंगत्वाला, कारणं बरीच असतात, पण पूर्वीला कावीळ भोवली. ती फार वाढून मेंदूपर्यंत गेली. वेळेत हॉस्पिटलात निळ्या दिव्याखाली ठेवलं असतं तर बहुतेक टळलं असतं.

पाचव्या दिवशी तपासणीला बोलावलं होतं. तुम्ही म्हणालात, पाचवी पुजल्याशिवाय बाळ बाहेर न्यायचं नाही, गॅलरीतलं कोवळं ऊन पुरे. हॉस्पिटलचा कागद माझ्या उशाखाली होता. मी काढला नाही. दोन दिवसांनी तिने दूध सोडलं, तेव्हा धावलो.

का आणलं नाहीत, असं बाईंनी विचारल्यावर मी विसरले म्हणाले. तिथे तुमचं नाव घेतलं नाही. घरात भांडी घासताना मात्र रोज घेते, आणि मग माझंही.

तब्येतीला जपा.
मानसी

देवगड, २ मार्च

चि. सौ. मानसीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आठ दिवस घराबाहेर पडले नाही.

मग शेजारच्या नूपुरचं बाळ बघायला गेले. चार दिवसांचं. कपाळ बोटाने दाबलं तर पिवळं दिसलं. बायका पाचवीची तयारी करत होत्या. माझ्या नातीचं मी काय केलं, ते सगळ्यांसमोर सांगितलं. नूपुरची सासू म्हणाली, अभद्र बोलू नकोस, घरी जा. मी गेले नाही. नूपुरच उठली, बाळ घेऊन माझ्याबरोबर रिक्षात बसली.

दोन दिवस ते दिव्याखाली होतं. आता घरी आलंय, छान पितं. ती माणसं मला बोलावतात, पण मी जात नाही. ते बाळ शांत झोपलेलं मला बघवत नाही गो.

राग असू दे, पण पत्र थांबवू नकोस.
कांता