पोटातली नळी

१२ जानेवारी २०२५
उताणा पडूनच लिहितोय. मंगळवारी पांडेसऱ्याला, मिलच्या आवारात, कापडाने भरलेला टेम्पो मागे आला आणि मी भिंतीशी चेपलो. कंबरेचं हाड तीन ठिकाणी मोडलंय. लघवीचा मार्गही आत तुटलाय. तो एवढ्यात जोडता येत नाही, म्हणून बेंबीखाली भोक पाडून नळी घातलीय. लघवीची पिशवी पलंगाला लटकते. भेटायला येणारे आधी तिच्याकडेच बघतात.

१५ जानेवारी
हाडाला प्लेट बसवली. दुखतंय.

२० जानेवारी
डॉक्टरांना एकट्यात विचारलं. म्हणाले, तीन महिने नळी राहील, आतली जखम भरली की मार्ग जोडू. मी म्हटलं, आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माझं लग्न आहे. त्यांनी फाइल मिटली. "लघवी बहुतेक सुरू होईल, योगराज. नवरा-बायकोतलं बाकीचं आज सांगता येणार नाही. कधी वर्षभराने सुधारतं, कधी नाही."

२ फेब्रुवारी
बमरोलीला, घरी. पाय टेकवायचा नाही. पिशवी माय रिकामी करते — एकतिसाव्या वर्षी! मी भिंतीकडे तोंड करतो.
कामरेजला, माझ्या नवरीच्या, वर्षाच्या घरी, गजेंद्रदादाने फक्त हाड मोडल्याचं कळवलंय. एकदा अक्षता पडू दे, म्हणतो. मायचंही तेच — "कोनले काही सांगू नको."

९ फेब्रुवारी
वर्षाचा फोन. तुमच्या जखमेला हळद चालेल ना, विचारत होती. मी हसलो. नंतर जेवण गेलं नाही.

११ फेब्रुवारी
सांगून टाकलं. नळी, पिशवी, डॉक्टर काय म्हणाले — सगळं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे तुमच्या घरच्यांनी सांगायला हवं होतं."
"म्हणून मी सांगतोय," मी म्हटलं.

१६ फेब्रुवारी
तिचे वडील, निंबाआबा, येऊन गेले. चहा घेतला नाही. लग्न मोडलं. रागावले मात्र नाहीत. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. दादा माझ्याशी बोलत नाही. मला शांत झोप लागली.

१६ एप्रिल
काल ऑपरेशन झालं. चार तास. दोन सेंटिमीटरची फट होती, दोन्ही टोकं ओढून शिवली म्हणे. आता तीन आठवडे खालूनही नळी. पोटातली आहेच.

३० एप्रिल
आखाजी. मायने पितरांची घागर भरली, पुरणपोळी केली. लग्नाचा विषय कोणी काढला नाही. मीही दोन पोळ्या खाल्ल्या.

८ मे
एक्स-रे फोटो काढला, जोड टिकलाय. खालची नळी काढली, पोटातली चिमटा लावून बंद केली. भरपूर पाणी प्या म्हणाले. दोन तास काठी घेऊन फेऱ्या मारल्या. मग झाली! चार महिन्यांनी, उभ्याने, माझी मला. दार उघडलं तर दादा बाहेरच उभा. त्याला आवाज ऐकू गेला होता. नुसता मला धरून राहिला.

१० मे
पोटातलीही निघाली. आता तिथे नुसती पट्टी. बाकीच्याचं डॉक्टर अजून काहीच सांगत नाहीत.

१३ मे
दुपारी वर्षा आली. एकटीच, बसने. मायला नमस्कार केला, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "ती पिशवी कशी रिकामी करायची, मला दाखवा."
नळ्या निघाल्याचं तिला कोणी कळवलंच नव्हतं.