टिटवी, आजी, ओळ एकोणीस

२ मार्च, सकाळी
आजपासून रोजनिशी. लिहिता-वाचता येत नाही म्हणून आयुष्यभर अडलं होतं, आता अडत नाही. नातीने, आमच्या टिटवीने, फोनमध्ये सोय करून दिली. मी बोलायचं, त्याने टिपायचं, बटण दाबलं की वाचून दाखवायचं. तारीख तोच घालतो. टिटवीचं कामच ते, दिवसभर कॉम्प्युटरशी भांडत असते.
संकल्प: सुनेबद्दल, म्हणजे टिटवीच्या आईबद्दल, वाईट बोलायचं नाही. आज चहात साखर नव्हती. हे वाईट नव्हे, माहिती आहे.

२ मार्च, दुपारी
बटण दाबलं. माझ्या आधी फोनच बोलला. "टिटवी, आजी, रोजनिशी, ओळ एकोणीस." मी असलं काही बोलले नव्हते. याला कोणी विचारलं होतं?

३ मार्च
टिटवीला विचारलं. माझं बोलणं नीट साठतंय का, ते तपासायला तिने आत एक आज्ञा घालून ठेवलीय. बोलणं ज्या डब्यात साठतं त्यात काय आहे, एवढंच ती आज्ञा विचारते. तर हा आधी डबा कुठल्या खोलीत, कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर ते सांगतो. का सांगतो, तिलाही कळेना. खोलीचं नाव टिटवी, कपाटाचं नाव आजी, फळीचं रोजनिशी, आणि तिथे एकोणिसाव्या ओळीत तिची आज्ञा. मी म्हटलं, या घरात मला स्वतःचं कपाट नाही, तिथे तरी मिळालं. हसली. मग हळूच म्हणाली, परदेशातली नोकरी पक्की झाली, वीस तारखेला निघायचंय.
मी म्हटलं, छान. मला आनंदच झाला. जेवण गेलं नाही, ते पित्तामुळे.

४ मार्च
विचार केला. पोरगी माझ्या वळणाची आहे, अर्धं काम टाकून उठणार नाही. लहानपणी गणित सुटेपर्यंत ताटावर यायची नाही. म्हणजे ही आगाऊ ओळ बोलतेय तोवर ती जात नाही. सोपं आहे. रोज तक्रार करायची.

७ मार्च
ओळ आहे. टिटवीने स्वतः लिहिलेलं सगळं उपसलं, ही ओळ तिने कुठेच लिहिलेली नाही. डोकं धरून बसली. मी म्हटलं, कानाला किती किटकिट होते गं. डोळ्यांत पाणीही आणलं. सहज आलं.

११ मार्च
सूनबाई म्हणाली, आई, तिला बॅग तरी भरू द्या. हिला काय कळतंय! मीच स्वेटरच्या घड्या घालून दिल्या. बॅग भरली म्हणजे माणूस जातंच असं नाही.

१५ मार्च
सावधगिरी म्हणून दुसरी युक्ती. टिटवी म्हणते, हे सगळं सर्व्हरवर असतं. सर्व्हर म्हणजे कपाटावरची हिरवे दिवे मिचकावणारी पेटी, एवढं मला कळतं. समजा गेलीच, तरी दुरुस्तीला इथेच यावं लागणार. पेटी पुसली. धूळ बसू नये म्हणून वर शाल घातली.

१६ मार्च
पेटी तापून घरातलं इंटरनेट बंद. सूनबाईने कपाळावर हात मारला. शाल काढून रुमाल घातला.

२० मार्च
गेली. दारात गळ्यात पडून म्हणाली, आजी, ओळ राहिली गं, सॉरी. मी म्हटलं, राहू दे, सवडीने ये. मी मुळीच रडले नाही. सूनबाई म्हणते, रडलात. तिचा चष्म्याचा नंबर वाढलाय.

२१ मार्च
बटण दाबलं. "टिटवी, आजी, रोजनिशी, ओळ एकोणीस." पुन्हा दाबलं. तक्रार नीट करता यावी म्हणून.

२६ मार्च
फोनवर सांगितलं, असह्य झालंय, येऊनच बघ. ती म्हणाली, बघते आजी, नक्की बघते. झालं काम! तिची खोली झाडून घेतली. पलंगावर धुतलेली चादर घातली. सूनबाई दारात उभी राहून बघत होती.

२९ मार्च
टिटवीचा फोन. आवाजात नुसता आनंद. तिच्या नव्या ऑफिसातल्या कुणीतरी ओळखलं. म्हणे ती चूक नव्हतीच. चुका शोधायला सोपं जावं म्हणून सर्व्हरवर एक अवजार बसवलेलं होतं, ते आपणहून प्रत्येक डब्याला पत्ता चिकटवत होतं. तिने तिथे एक शब्द बदलला आणि ओळ गेली.
मी विचारलं, इथे न येता?
ती म्हणाली, अगं आजी, सर्व्हर आपल्या घरी कधीच नव्हता. ती इंटरनेटची पेटी. हे काम कुठूनही होतं. तुला केवढा त्रास झाला ना? आता नाही होणार.
मी म्हटलं, झकास. सुटले बाई एकदाची.

२९ मार्च, संध्याकाळी
बटण दाबलं. मी बोलले तेवढंच वाचलं. माझ्या आधी कोणी नाही, नंतरही कोणी नाही.

३० मार्च
पेटीवरचा रुमाल काढला. सूनबाई टिटवीच्या खोलीत पलंगावर त्या धुतलेल्या चादरीच्या कडेला बसली होती. मीही बसले. मग तिने चहा केला. गोड होता, जरा जास्तच. मी सगळा प्याले.

३१ मार्च
टिटवी, आजी, रोजनिशी, ओळ एकोणीस.
आज विशेष काही नाही.