गाद्या लावलेल्या खोलीतलं गाणं

रविवार, दिवेलागण

आज कुडाळला निल्याच्या खोलीत आमच्या बँडच्या नव्या अल्बमचं पहिलं गाणं ऐकलं. गिटार त्याची, गळा माझा. आवाज घुमू नये म्हणून त्याने चारी भिंतींना गाद्या लावल्यात.

आधीचे अल्बम बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात केले होते. मासेमारी बंद असली की तो रिकामा असतो. तिथे नुसतं गुणगुणलं तरी समुद्रापलीकडून कुणी गातंय असं वाटायचं. लोक त्यावरच भुलले. मीसुद्धा.

"आता लपान गाऊ नको, मोकळो गा," निल्या म्हणाला. खरंय त्याचं. गिटार काय सुरेख झालीय! आणि तिच्यावर मी, कोरडा, धापा टाकणारा. मग इतकी वर्षं गात कोण होतं? तो कारखाना?

परत घेऊया का, विचारलं. "कितीदा घेतला रे," म्हणाला आणि गाद्यांकडे बघत बसला. माझ्याकडे नाही.

घरी आईला ऐकवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"निल्यान बरा वाजवल्यान. पण ह्यो गाता कोण?"

"त्याचो एक दोस्त," मी म्हटलं.