गोलमागची हलगी

११ जाने., रविवार
फुटबॉल स्पर्धा सुरू. माईक माझ्याकडं, हलगी भिवाकाकांकडं. पाहुण्या टीमला डीजे पाहिजे होता. म्हटलं, सास्तुरात गोल झाला की हलगीच वाजणार, आणि तुमच्या गोललाही तेवढीच वाजणार. हसले. स्वतः गोल खाऊन वाजवणारं गाव त्यांनी पाहिलं नव्हतं. ०-२ हरलो, काकांनी दोन्ही वाजवले.
दुसऱ्या गोलच्या वेळी पलीकडच्या गोलमागून हलगीचा जाब आला, काकांच्या ठोक्यांना उत्तराचे ठोके. तिथं नुसती बाभळ. आवाज भिंतीवर आपटला म्हणावं, तर भिंत कुठंय?

१३ जाने.
काकांना विचारलं. जाळावर हलगी शेकत होते, मान वर केली नाही. वाजवताना ते कायम चार ठोक्यांनंतर जागा सोडतात, जोडीदाराच्या जाबासाठी. जोडीदार म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, माझा बाप. त्र्याण्णवच्या भूकंपात गेला. मी तेव्हा आईच्या पोटात. आताचं मैदान म्हणजे जुनं गावठाण, बाभळीपाशी आमचं घर.
"एवढी वर्षं जागा कशाला सोडता?"
"हात थांबतो रं. म्या न्हाय थांबवत."

१५ जाने.
जाब पुन्हा आला. तीन ठोके, शेवटचा जरा उशिरा. बाकी कुणाला काहीच ऐकू आलं नाही, पण काका हलगी थांबवून बाभळीकडं बघत होते. खरं तर भ्यायला पाहिजे होतं मी. घरी येऊन आनंदानं रडलो. बापाचा फोटोसुद्धा नाही आमच्याकडं.

१६ जाने.
जेवताना ताटावर सहज बोटं वाजली. तीन ठोके. आईची भाकरी तव्यावरच करपली.
"ह्ये कुणी शिकवलं तुला?"
"कुणी नाही."
"शेवटचा उशिरा मारायची खोड त्यांची व्हती. भिवाभावजी लई चिडायचे."

१७ जाने.
काका उद्या फायनलनंतर मयताची चाल वाजवणार. मैदानावर! भूकंपात सगळ्यांना एकदमच अग्नी दिला, वाजवायला कुणाचे हात उरले होते?
"माझा भाऊ वाजवल्याबिगर गेला. म्हणून बसलाय तिथं."
मी भांडलो. "आत्ता कुठं बाप भेटला, आणि तुम्ही घालवता?"
"तुला ऐकून बरं वाटतंय, पोरा. त्याला तिथं कसं वाटत आसंल?"
उठून घरी आलो. राग गेला नाही पण.

१८ जाने., रविवार
फायनल पाहुण्यांनी मारली. हलगीवर तेच जास्त नाचले. पाचला मैदान रिकामं. काकांनी हलगीचं टिपरू उचललं आणि थांबले.
"बाप तुझा हाय. तू सांग."
बाभळीकडं पाहिलं. मग म्हणालो, वाजवा.
मयताच्या चालीत जाबाला जागा नसते, ती सरळ वाजत जाते. काकांनी तरी सोडली. गोलकडून काहीच आलं नाही. पुन्हा सोडली. काहीच नाही. माझीच बोटं मांडीवर हलली, तीन ठोके, शेवटचा उशिरा. काका रडत वाजवत राहिले.
घरी आलो तर आई दारात. नवं गाव मैदानापासून चांगलं लांब, पण हलगी ऐकू येते.
"जाब तू दिलास व्हय? दुसरी हलगी ऐकली म्या."
व्हय म्हणालो.
गावात हलगी एकच आहे, काकांची.