सामनेवाला

१४ नोव्हेंबर

दादा,

पाया पडतो. वहिनींनाही नमस्कार सांग. बाबांचा खोकला कमी झाला असेल. इथे थंडी आहे, पण माझं बरं चाललंय. गोदामातलं काम सोडलं, कंटाळा आला. आता एका कायद्याच्या कॉलेजात आहे. वर्ग उघडायचे, फळे पुसायचे, खुर्च्या लावायच्या. नववी नापास शेवटी कॉलेजात गेला, असं बाबांना सांग.

संध्याकाळी तिथे एक वकीलबाई शिकवतात. दिवसभर कोर्ट, मग हा वर्ग. पोरं वकील झालेलीच आहेत, पुढचं शिकतायत. जुने निकाल कसे शोधायचे आणि सापडलेलं साध्या भाषेत कसं लिहायचं, एवढंच बाई शिकवतात. कोणी 'उपरोक्त' लिहिलं की विचारतात, घरी आईशी असंच बोलतोस का? मी दारात उभा राहून ऐकायचो, मधे बोलायचोही. एकदा म्हणाल्या, तोंड बंद राहत नाही ना तुझं, मग इथे येऊन बस, आजपासून तू यांचा अशील. म्हणजे खोटा पक्षकार. मी तक्रार सांगायची, पोरांनी कायदा शोधून नोटीस लिहायची.

वहिनींचा फोन आला होता. त्याचंच लिहायला बसलो आणि भलतंच सांगत बसलो.

दादा, ती नोटीस खरी नाही. सरावाची होती. बाईंनी बजावलं होतं, नोटीस अशी लिहा की आत्ता पोस्टात टाकता आली पाहिजे. वर्गात एक पोरगा आहे, त्याला सगळे 'पहिला नंबर' म्हणतात. त्याने खरंच टाकली. रजिस्टर करून. तुझ्या सहीची पोचपावती फायलीला लावून वर मार्क मागायला गेला. तेव्हा बाईंना कळलं. पत्ता आपल्याच घराचा, कारण पोरांनी विचारला तेव्हा मला खोटा सुचला नाही.

वहिनी म्हणाल्या, तू ती वाचलीस. दुसऱ्या दिवशी पुढची खोली रिकामी केलीस, शिलाई मशीन मागे पत्र्याखाली नेलंस. तिथे उजेड नाही, सुईत दोरा ओवायला त्यांना हाक मारतोस. गिऱ्हाईक पुढचं दार बंद बघून परत जातं. जेवताना एकदाच म्हणालास, "मी त्याचा सामनेवाला कधी झालो गं?"

तो शब्द माझा नाही. कोर्टाच्या कागदात समोरच्या माणसाला तसंच म्हणतात. पोरांनी घातला.

बाकीचं माझं. बाबा पुढची खोली धाकट्याची म्हणाले होते, दादाने तिथे दुकान थाटलं, मला विचारलंसुद्धा नाही, घरी गेलो की कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपतो. बाई खोटी तक्रार सांग म्हणाल्या होत्या, दादा. मला विचारही करावा लागला नाही. पोरं भराभर लिहून घेत होती आणि मला बरं वाटत होतं. ते गठ्ठे तू माझ्यासाठी अंथरतोस आणि स्वतः फरशीवर पडतोस, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

बाई चिडल्या नाहीत. त्यांची नोकरी अर्धवेळ, या भानगडीनंतर कॉलेज त्यांना पुन्हा बोलावतं की नाही कोण जाणे. नोटीस मागे घेतल्याचं पत्र देते म्हणाल्या. मग विचारलं, "तू सांगितलंस ते खरं होतं का?"

मी हो म्हटलं.

"मग माझ्या पत्राने भागायचं नाही. आधी तू लिही."

मशीन पुढे ने, दादा. खोली तुझी. मला ती नको होती. तू एकदा विचारायला हवं होतंस, एवढंच होतं, आणि तेवढं मला तुझ्या तोंडावर बोलता आलं नाही. परक्या पोरांपुढे बोललो.

मी येऊ का, असं वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते तुमच्या भावाला विचारा, भावोजी."

म्हणून विचारतोय.

तू ये म्हणेपर्यंत या पत्त्यावरून न हलणारा,
तुझा धाकटा