पंचगंगेच्या पाण्याचा गुण

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. ९ फेब्रुवारी १९७४

श्रीमान यज्ञेश्वरपंत व्याहीबुवांस दत्तोपंताचा सादर नमस्कार.

आपली प्रकृती आणि विहीणबाईंचा गुडघा थंडीत कसा आहे ते कळवावे. इकडे सर्व मंडळी ठीक आहेत, मी एकटा ठीक नाही. पंधरा दिवस घास गिळताना दचकतो आहे.

त्याचे असे झाले, मुंबईची एक पंप बनवणारी कंपनी नवा कारखाना काढायला जागा शोधते आहे. (इथे काढला, तर जावईबापू मुंबई सोडून इकडे नोकरीला येतील आणि आपली सून, म्हणजे माझी कालिंदी, डोळ्यांना दिसेल. दोन वर्षांत मी तिला मोजून नऊ दिवस पाहिले आहे.) कारखानदार मंडळाचा चिटणीस या नात्याने कंपनीचा आठ पानी तक्ता मीच भरला. जमीन गडमुडशिंगीला आहे, रेल्वे आहे, वीज आहे, पाणी आहे, संप होतात का, तर फारसे नाहीत. तो वाचून कंपनीचे साहेब आले आणि इथल्या विजेवर व पाण्यावर चालवून बघा म्हणून एक कोरा पंप आठ दिवसांसाठी माझ्या ताब्यात देऊन गेले.

दुसऱ्याच दिवशी फौंड्रीवाले रशीद मिस्त्री नुसता बघायला आले. कोल्हापुरात यंत्र नुसते बघायचे म्हणजे खोलायचे. मी कडक शब्दांत नाही म्हणालो आणि पाना कुठे आहे तेही सांगितले. (खोटे कशाला बोलू, पहिला नट मीच फिरवला.) आतले सगळे बघून झाले, कौतुक झाले आणि परत जोडताना पंपाच्या ओतीव बिडाच्या बॉडीला चीर गेली. मी अंबाबाईला नारळ बोललो. मिस्त्री मात्र चहा संपवून उठले. त्यांनी साचा केला, बॉडी ओतली (कंपनीची पातळ होती म्हणून थोडी जाड), रंग दिला आणि कंपनीची पाटी जशीच्या तशी बसवली. आठ दिवसांनी साहेब आले. त्यांनी पंप चालवला, कान लावला आणि गाडीत घालून नेला.

परवा त्यांचे पत्र आले. पंप पूर्वीपेक्षा निम्माच आवाज करतो, हा पंचगंगेच्या पाण्याचा गुण असावा, सबब कारखाना इथेच. बीडकाम मात्र मुंबईहून आणणार, कारण स्थानिक ओतकामाचा भरवसा नाही. येत्या शुक्रवारी सह्या करायला येत आहेत.

मी आनंदाच्या भरात हे मिस्त्रींना वाचून दाखवले. त्यांनी हातातला साचा खाली ठेवला. मग म्हणाले, "पंत, पाण्यानं कुठं पंप सुधारतोय व्हय? शुक्रवारी ती चिरलेली बॉडी मी सायबाच्या टेबलावर ठेवणार की."

तेव्हापासून झोप नाही. विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
दत्तोपंत

ता. क. मिस्त्री आपण टाकलेला शब्द मोडत नाहीत. मळ्यातले इंजिन बिघडले, शुक्रवारी याच, असा निरोप त्यांना धाडावा. आपले इंजिन झकास चालते हे मला ठाऊक आहे. ते त्यांच्याच हातचे असल्याने सहजी बिघडणार नाही, तरी बुधवारपासून प्रयत्न सुरू करावा.

आणखी एक. इंजिनाला हात लावू नये. पत्र टाकायला निघालो तो वाटेत मिस्त्रींची फौंड्री लागली. ते ओतकामात होते, तरी मला बघून त्यांनी स्टूल पुढे सरकवले. आठ पाने भरली मी, त्यात या माणसाबद्दल एक ओळ लिहिली नाही. फार लाज वाटली. शुक्रवारी ती बॉडी मीच टेबलावर ठेवणार आहे, मग कारखाना येवो की जावो. आपण एवढेच करावे. कारखाना नक्की झाला, राजीनामा देऊन टाका, असे मी परवाच जावईबापूंना लिहून बसलो आहे. त्यांना 'थांबा' अशी तार आपल्या नावाने करावी. कालिंदीने भांडी बांधायला घेतली असतील, तिला हे कळवायला माझा हात धजत नाही.