बाहेरून दिसणारी खिडकी

१२ जानेवारी

ती. आत्यास मनीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि मग आपण दोघी मिळून शेजाऱ्यांना सगळं ऐकवतो, म्हणून हे पत्र. बातमी अशी, की तुझी आठही प्रवासाची पुस्तकं आमचं प्रकाशन नव्यानं काढतंय आणि नव्या मुखपृष्ठांचं काम माझ्याच गळ्यात पडलंय. बाबांनी रंगवलेली मुखपृष्ठं त्यांच्याच पोरीनं पुसायची, आहे की नाही मजा!

संपादक मॅडमचं घोडं खिडकीपाशी अडलंय. समुद्र खिडकीतून, डोंगर खिडकीतून, वाळवंटसुद्धा आपल्या पुढच्या खोलीच्या त्याच हिरव्या खिडकीतून. त्या म्हणाल्या, बाई जगभर हिंडल्या की घरातच बसून होत्या? खिडकी उडवा. बाबांना विचारलं तर म्हणाले, उडव की. आणि चष्मा पुसत बसले.

चष्मा पुसून आता फारसा उपयोग नाही, आत्या. डोळ्यांचा पडदा खराब होत चाललाय. भर उन्हात माणसाचा आकार ओळखतात, जवळ धरलं तर थोडे रंगही. पुढच्या हिवाळ्यापर्यंत तेवढं तरी राहील का, यावर डॉक्टर नुसते खांदे उडवतात. तुला कळवायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे, तेव्हा तू हे वाचलेलंच नाहीस.

आणखी एक. तू फोटो पाठवायचीस काळेपांढरे, त्यात रंग भरले बाबांनी मनानं. वाळवंट जांभळं कुठे असतं का? खरे रंग कळव.

मोठ्यांना नमस्कार लिहायचा असतो, पण तिथे मोठी तू एकटीच. तेव्हा सगळे तुलाच.

तुझी,
मनी


३० जानेवारी

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

वाळवंट भाजक्या विटेच्या रंगाचं होतं. तिसरं पुस्तक आल्यावर वाचक विचारायचे, जांभळं वाळवंट आम्हाला कसं दिसलं नाही? मी ठोकून द्यायची, तुम्ही चुकीच्या वेळी गेलात. दादाला मात्र कधी बोलले नाही. बंदरातलं पाणी शिळ्या चहासारखं होतं, त्याचं त्यानं मोरपंखी केलं. तेच राहू दे. मलाही आता ते तसंच आठवतं.

खिडकीवरून मी त्याच्याशी पत्रातून कडाकडा भांडले आहे. प्रवासाच्या पुस्तकावर खिडकी कशाला? त्याचं एकच उत्तर, चित्राला चौकट लागते. त्या खिडकीची हकिकत तुला ठाऊक नसेल. मी पहिल्यांदा निघाले तेव्हा आमच्या वडिलांनी दाराला कुलूप घातलं होतं. दादानं खिडकी उघडली, आधी पिशवी बाहेर फेकली, मग मला ढकललं. कडी तेव्हाच तुटली. मी रस्त्यावर पडले, उठले, आणि मागे न बघता धूम ठोकली. काढून टाक ती खिडकी, माझी ना नाही.

डोळ्यांचं जे मी वाचलं नाही, ते वाचून पत्र टेबलावर पालथं ठेवलं. दुसऱ्या दिवशी उचललं.

तू विचारशील, मग येत का नाहीस? दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणते आणि गुडघ्यांवर ढकलते. गुडघे बिचारे आहेतच दुखरे, पण खरं कारण भीती. मी जग पालथं घातलं ते एका भरवशावर, की मागे घर आहे आणि दादा त्याच्या जागेवर बसलाय. मी समोर उभी राहिले आणि त्यानं कोण आहे म्हणून विचारलं, तर मी परत जायचं कुठे? मनी, मला त्याला बघायचंय गं. फार बघायचंय.

जेवणखाण वेळेवर कर. दादाला माझ्यातर्फे एक चिमटा काढ.

तुझी आत्या


१९ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

चिमटा पोचवला. बाबा म्हणाले, हिची नखं अजून वाढलेलीच आहेत.

खिडकी काढून आठही मुखपृष्ठांची प्रूफं छापून आणली आणि बाबांच्या टेबलावर उन्हात मांडली. नाक टेकवून एकेक बघितलं त्यांनी. मग म्हणाले, छान झालीत, पण आता हिला घर कुठून दिसणार?

मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. आपल्याला वाटायचं की खिडकीतून बाबा बाहेर बघतायत. तसं नव्हतंच ते. तू तेव्हा मागे वळून बघितलं नाहीस ना, म्हणून तू जिथे जिथे गेलीस तिथे त्यांनी तुझ्या पाठीमागे खिडकी उघडी करून ठेवली. कधी वळलीस तर दिसावी. आठही चित्रांत ती उघडी आहे, आत्या, आणि तिच्या एका झडपेला विटेचा टेकू आहे. खरोखरच्या खिडकीला आहे तसाच. कडी त्यांनी आजतागायत दुरुस्त करू दिली नाही. मला ती वीट रोज दिसते आणि रोज कोपराला लागते, पण चित्रात कधी दिसली नव्हती.

मॅडमना सांगितलं. जुनी मुखपृष्ठं पुन्हा मागवून बघितली. मग म्हणाल्या, खिडकी ठेवा, पण बाहेरून. म्हणजे समोर तू हिंडलेला मुलूख आणि लांब, कोपऱ्यात, टिचभर उघडी खिडकी. आठव्या पुस्तकावर मात्र नुसती खिडकीच, रस्त्यावरून दिसते तशी.

आणि तिथेच गाडं अडलंय. बाहेरची बाजू उन्हानं विटलीय. बाबांनी रंग विचारला, मी म्हटलं हिरवा. म्हणाले, हिरवा हे नुसतं आडनाव झालं, नाव सांग. रस्त्यावर उभी राहून मिसळमिसळ करून मी रंग नेते, ते कागद डोळ्याशी धरतात आणि मान हलवतात. शेवटी म्हणाले, तू इथे रोज राहतेस, तुला नाही जमायचं. लांबून येणाऱ्याला दिसतो तो रंग वेगळा. तिला विचार.

तर विचारते आहे. आठवं मुखपृष्ठ तुझ्यासाठी थांबलंय, आणि ते एकटंच थांबलेलं नाही.

तुझी लाडकी आणि रंगांनी बरबटलेली,
मनी


६ मार्च

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

तो रंग पत्रातून सांगता येणार नाही. मी खिडकी बाहेरून कधी नीट पाहिलीच नाही, निघाले तेव्हाही पाठ करून पळाले होते. तिकीट काढलं आहे. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला पोचते. उजेडात पोचेन अशी गाडी मुद्दाम घेतली. दादाला सांग, किंवा नको सांगूस, मला काहीच सुचत नाहीये.

तुझी आत्या


२१ मार्च

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सांभाळून घे. मनीला लिहून देऊ दिलं नाही, कारण सध्या आमचा अबोला आहे. माझ्या डोळ्यांची चहाडी तिनं तुझ्याकडे केली ते मला कळलं. तुझी पत्रं मात्र मी तिच्याकडून वाचून घेतली. अबोल्यात तेवढी सूट आहे.

मी कोण म्हणून विचारीन अशी भीती वाटते ना तुला? अगं, तुला मी पावलांच्या आवाजावरून ओळखतो. घरात बाकी सगळे सरळ चालायचे, तूच एक उड्या मारत यायचीस. आता गुडघ्यांमुळे फरफटत येशील, तेही ओळखीन. आणि तू किती म्हातारी झालीस ते मला दिसणार नाही, हा तुझा फायदाच आहे.

मनी म्हणते, वाळवंट विटेच्या रंगाचं होतं. इतकी वर्षं बोलली नाहीस, लबाड. आलीस की सगळे रंग एकेक करून सांग. मी ऐकत बसेन, मला दुसरं काम नाही.

रस्त्याच्या वळणावर थांब आणि खिडकीकडे नीट बघून घे. मी आत बसलेला असेन. घाई करू नकोस, पण फार वेळही लावू नकोस.

तुझा दादा

ता. क. खिडकी उघडीच आहे. पण तुझे गुडघे बघता, यावेळी दारानं ये.